अमेरिकेतील भेदभावाचे कायदे: दिवस कुठून मोजायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील नोकरकपात, व्हिसा आणि भेदभावाचे दावे यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता नेहमीच्या झाल्या आहेत. बातमीत बहुधा एवढेच असते की अमुक कंपनीवर दावा झाला आणि अमेरिकेत भेदभाव बेकायदा आहे. ती वाचून आईवडील तिकडच्या मुलाला किंवा मुलीला फोनवर सांगतात, ‘जरा दमाने घे, आत्ता काही बोलू नकोस, सहा महिने बघ.’ सल्ला मायेचा असतो, पण कायद्याच्या हिशेबात याहून महागडा सल्ला दुसरा नाही. केंद्रीय कायद्यात तक्रारीची पहिली मुदत १८० दिवसांची आहे, आणि सहा महिने म्हणजे १८१ ते १८४ दिवस.

नोकरी आणि घरभाडे या दोन क्षेत्रांतील या कायद्यांचे काम आम्ही जवळून करतो. मराठी माणसे नेमकी कुठे अडखळतात ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज. अमेरिकेत भेदभावाविरुद्ध एकच कायदा नाही. केंद्राचा, राज्याचा आणि काही ठिकाणी शहराचा असे एकावर एक थर आहेत, आणि प्रत्येकाची पात्रता, कार्यालय आणि मुदत वेगळी. केंद्राचा मुख्य कायदा म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील ‘टायटल सेव्हन’. वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश या कारणांवरून नोकरीत भेदभाव करायला त्यात बंदी आहे. वयासाठी १९६७ चा वेगळा कायदा आहे, तो ४० वर्षे आणि त्यापुढच्यांना संरक्षण देतो. अपंगत्वासाठी १९९० चा. हे राबवणारा आयोग म्हणजे समान रोजगार संधी आयोग, ज्याला सगळे ईईओसी म्हणतात.

हे कायदे प्रत्येक मालकाला लागू नाहीत. टायटल सेव्हन आणि अपंगत्वाचा कायदा किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतात, वयाचा कायदा किमान २० असलेल्याला. ही संख्याही एखाद्या दिवशी मोजायची नसते. चालू किंवा मागच्या वर्षात किमान २० आठवडे तेवढी माणसे पगारपत्रकावर असावी लागतात. आपल्याकडची अनेक मुले पहिली नोकरी करतात ती आठ-दहा जणांच्या कन्सल्टन्सीत, आणि नेमकी तिथेच केंद्राचे हे छत्र उघडत नाही.

तिथे राज्याचा कायदा बघायचा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि इलिनॉय या राज्यांत मालकाकडे एक कर्मचारी असला तरी राज्याचा कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियात पाच कर्मचारी पुरतात, आणि तक्रार छळाची असेल तर एकसुद्धा. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा, वॉशिंग्टन राज्यात आठ. टेक्सास मात्र, लैंगिक छळाचा अपवाद सोडता, केंद्राप्रमाणेच १५ वर थांबते. जॉर्जियात खासगी नोकरीतील वंश, धर्म, मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावासाठी राज्याचा असा सर्वसाधारण कायदाच नाही. म्हणजे नऊ जणांच्या कंपनीत घडलेली एकच गोष्ट न्यू जर्सीत दाव्याला पात्र ठरते आणि जॉर्जियातील अटलांटात टायटल सेव्हनखाली ठरत नाही. ‘अमेरिकेत बेकायदा आहे’ असे सरसकट छापले की हा सगळा फरक पुसला जातो.

तरी अशा माणसाने लगेच हात टेकू नयेत. यादवी युद्धानंतर, मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून १८६६ मध्ये झालेला एक कायदा आजही जिवंत आहे. वकील त्याला ‘सेक्शन १९८१’ म्हणतात (हा आकडा कलमाचा, सालाचा नव्हे). त्याला कर्मचारीसंख्येची अट नाही, आधी आयोगाकडे जावे लागत नाही, मुदत सहसा चार वर्षांची, आणि भरपाईला वरची मर्यादा नाही. तो फक्त गोऱ्या-काळ्यांसाठी आहे असे अनेकांना वाटते. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले की कुळपरंपरा किंवा वांशिक ओळख यांवरून केलेला भेदभावही त्यात येतो. त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. केवळ धर्म किंवा केवळ मूळ देश एवढ्या कारणावर तो चालत नाही. शिवाय २०२० च्या निकालानंतर ‘वंश हे कारण नसते तर हा निर्णय झालाच नसता’ इतपत सिद्ध करावे लागते. टायटल सेव्हनमध्ये अनेक कारणांपैकी ते एक होते एवढे दाखवूनही काही अंशी दाद मिळते.

आता मुदतीकडे. जिथे राज्याची किंवा शहराची स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा आहे तिथे ईईओसीची १८० दिवसांची मुदत ३०० दिवसांपर्यंत वाढते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन, टेक्सास येथे ३००. जॉर्जियात १८०. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांची वाट निराळी आहे. त्यांना ४५ दिवसांत आपल्याच खात्याच्या समान संधी समुपदेशकाला गाठावे लागते.

राज्यांच्या मुदती याहून वेगळ्या आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाकडे तीन वर्षांत तक्रार करता येते आणि दाव्याची परवानगी मिळाल्यापासून एक वर्षात कोर्टात जाता येते. न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क विभागाने १५ फेब्रुवारी २०२४ पासून घडलेल्या सर्व प्रकारांसाठी तीन वर्षे दिली आहेत. इलिनॉयने १ जानेवारी २०२५ पासून ३०० दिवसांची दोन वर्षे केली. न्यू जर्सीत राज्याच्या विभागाकडे १८० दिवस, पण थेट राज्याच्या कोर्टात जायचे असेल तर दोन वर्षे. टेक्सासची गंमत नव्हे, गफलत बघा. ईईओसीसाठी ३०० दिवस आहेत, पण राज्याच्या कायद्याखालचा हक्क राखायचा तर, लैंगिक छळाचा अपवाद सोडता, १८० दिवसच. तिथे २५० व्या दिवशी जागा झालेला माणूस केंद्राचा दावा वाचवतो आणि राज्याचा घालवतो. कॅलिफोर्नियात उलटे होते. ‘तीन वर्षे आहेत’ हे कुणाकडून तरी ऐकलेले असते, त्या भरवशावर ३०० दिवस निघून जातात आणि केंद्राच्या कोर्टाचे दार बंद होते.

दिवस कुठून मोजायचे, हा तर सर्वांत जास्त चुकणारा हिशेब आहे. मोजणी सुरू होते निर्णय कळवल्याच्या दिवसापासून, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९८० चा आहे. समजा, ३ मार्चला मीटिंगमध्ये सांगितले की तुमचा शेवटचा दिवस ३० मे. जॉर्जियातील माणसाची मुदत ३० ऑगस्टला संपते. तो मात्र ३० मेपासून मोजून २६ नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे असे धरून बसतो. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या मोजणीत धरतात. फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो.

बढती नाकारणे, बदली, काढून टाकणे अशा प्रत्येक सुट्या निर्णयाचे घड्याळ स्वतंत्र चालते. जुना निर्णय नव्या निर्णयाच्या आधारावर पुन्हा जिवंत करता येत नाही. सतत टोमणे, उच्चाराची नक्कल, धर्मावरून शेरे अशा छळाने कामाची जागाच असह्य झाली असेल तर ती सगळी मिळून एक तक्रार धरली जाते, आणि त्यातला एक जरी प्रसंग मुदतीत असला तरी मागचे प्रसंग विचारात घेता येतात. पगारातील भेदभावाला २००९ च्या कायद्याने आणखी मोकळीक दिली आहे. भेदभावाने ठरलेल्या पगाराचा प्रत्येक चेक नवी मुदत सुरू करतो.

आणि एचआर. कंपनीच्या एचआरकडे तक्रार केली, त्यांनी ‘आम्ही चौकशी करत आहोत, थोडा वेळ द्या’ असे लिहिले, तरी हे घड्याळ थांबत नाही. कंपनीतले अपील, युनियनची तक्रार, वकिलांमार्फत चाललेली बोलणी, कशानेच थांबत नाही. एचआरकडे तक्रार जरूर करावी, त्याची कारणे पुढे येतीलच, पण तिला आयोगाकडची तक्रार समजू नये.

आयोगाकडे जायला वकील लागत नाही आणि फी नाही. ईईओसीच्या पोर्टलवर आधी काही प्रश्नांची उत्तरे देऊन ‘इन्क्वायरी’ नोंदवायची, मग मुलाखतीची तारीख मिळते, मग अधिकारी तक्रारीचा मसुदा तयार करतो आणि तो वाचून त्यावर सही करायची. सही केलेला कागद म्हणजे ‘चार्ज’. इन्क्वायरी म्हणजे चार्ज नव्हे. दरवर्षी लोक इन्क्वायरी भरून निर्धास्त होतात, मुलाखतीची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते आणि तोवर मुदत उलटते. मुदतीला ६० दिवस किंवा कमी राहिले असतील तर पोर्टल तातडीच्या वेगळ्या सूचना देते. त्या पाळाव्यात. अगदीच टोकाला आले असेल तर टपालाने पत्र पाठवूनही तक्रार होते. त्यात स्वतःचे आणि मालकाचे नाव-पत्ता, कर्मचाऱ्यांची अंदाजे संख्या, काय घडले, कधी घडले, कोणत्या कारणावरून घडले असे वाटते, आणि सही असावी. सही राहिली तर आयोग चौकशी करू शकत नाही. राज्याच्या यंत्रणेशी ईईओसीचा करार असेल तर एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडेही नोंदवता येते, पण ‘दोन्हीकडे नोंदवा’ हे लेखी मागून घ्यावे.

मसुदा वाचताना घाई करू नये, कारण पुढे कोर्टात दावा साधारणपणे याच चौकटीत राहतो. भारतीय माणूस बहुतेक वेळा ‘मूळ देश’ एवढ्याच रकान्यावर खूण करतो. वर्ण, वंश, धर्म लागू असतील तर त्यांवरही खूण हवी. सूड घेतला गेला असेल तर ‘रिटॅलिएशन’ हा रकाना वेगळा आहे. तक्रारीनंतर काही नवे घडले, उदाहरणार्थ चार्ज पोचल्यावर तीन आठवड्यांत कामगिरीसुधार योजनेवर टाकले, तर तक्रारीत दुरुस्ती करून ते जोडावे किंवा नवी तक्रार द्यावी. तक्रार निनावी राहत नाही, हेही आधी माहीत असलेले बरे. दहा दिवसांत मालकाला नोटीस जाते.

पुढे आयोग अनेकदा मध्यस्थी सुचवतो. ती मोफत आणि ऐच्छिक असते, आणि आमच्या मते बहुतेकांनी ती नाकारू नये, कारण पुढची चौकशी सहज वर्षभर चालते. आयोग स्वतः कोर्टात जातो तो अगदी थोड्या प्रकरणांत. बाकीच्यांना शेवटी ‘राइट टू सू’ नोटीस मिळते, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवसांत केंद्राच्या कोर्टात दावा दाखल करावा लागतो. आयोगाने ‘भेदभाव सिद्ध होत नाही’ असे म्हटले तरी दावा करता येतो. ही नोटीस आता पोर्टलवर येते. ईमेल स्पॅममध्ये पडते, माणूस नोकरी शोधत दुसऱ्या राज्यात गेलेला असतो, जुना ईमेल बंद केलेला असतो, आणि ९० दिवस न कळत संपतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून पाहावे. वयाच्या तक्रारीला या नोटिशीची वाट पाहावी लागत नाही, तक्रारीनंतर ६० दिवसांनी थेट कोर्टात जाता येते.

आता पुराव्याविषयी थोडे विस्ताराने, कारण खरी प्रकरणेही इथेच ढासळतात. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या ‘ॲट विल’ असतात. मालक कुणालाही कारण न देता काढू शकतो, चुकीच्या कारणानेही काढू शकतो. फक्त बेकायदा कारणाने काढू शकत नाही. साहेब तुसडा आहे, मर्जीतल्यांना चांगली कामे देतो, श्रेय लाटतो, हे सगळे खरे असूनही कायद्याबाहेरचे आहे. कोर्ट विचारते की तुमच्याच पदावरच्या, तुमच्याच मॅनेजरच्या हाताखालच्या, साधारण तीच चूक केलेल्या, पण वेगळ्या वंशाच्या किंवा वयाच्या माणसाला काय वागणूक मिळाली? या तुलनेतल्या माणसांची नावे, पदे आणि तारखा हा प्रकरणाचा कणा असतो. १९७३ पासून कोर्टे तीन पायऱ्यांनी जातात. कर्मचारी प्राथमिक प्रकरण मांडतो, मालक आपले कायदेशीर कारण देतो, आणि ते कारण बनावट आहे हे कर्मचारी दाखवतो. बनावट कसे दाखवायचे? जानेवारीतला चांगला वार्षिक अहवाल आणि मार्चमधले ‘कामगिरी खराब’ हे पत्र शेजारी ठेवून. किंवा कारण तीनदा बदलले हे दाखवून. आधी बजेट नाही, मग पद रद्द, आणि दोन महिन्यांनी त्याच पदाची जाहिरात. २०२४ च्या एका निकालाने बदलीच्या बाबतीत एक अडथळा कमी केला आहे. भेदभावाने केलेल्या बदलीत ‘मोठे नुकसान’ दाखवण्याची गरज आता नाही, काही नुकसान दाखवले तरी पुरते.

तक्रारीची भाषा हा आमच्या आस्थेचा विषय आहे, कारण आपली माणसे इथे फार सभ्यपणे स्वतःचे नुकसान करून घेतात. ‘मला अन्यायाने वागवले जाते’, ‘टीममध्ये वातावरण बरोबर नाही’, ‘मॅनेजर पक्षपात करतात’ असा ईमेल एचआरला गेला आणि महिन्याभरात माणसाला काढले, तर सूडाचा दावा बहुधा उभा राहत नाही. कायदा संरक्षण देतो ते भेदभावाला विरोध करण्याला. म्हणून पत्रात ते शब्द यायलाच हवेत: हे माझ्या वंशामुळे, मूळ देशामुळे, धर्मामुळे, वयामुळे, गरोदरपणामुळे होत आहे असे मला वाटते, आणि त्याची उदाहरणे ही अशी. चार ओळी पुरतात. आरोप शेवटी सिद्ध झाला नाही तरी चालते. तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असला म्हणजे झाले. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींत सूडाच्या तक्रारींचे प्रमाण वर्षानुवर्षे सर्वांत जास्त आहे. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही पण सूड सिद्ध झाला, असेही निकाल लागतात. सूड म्हणजे फक्त काढून टाकणे नाही. सर्वसामान्य माणूस तक्रार करायला कचरेल असे कोणतेही ठोस नुकसान त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी २००६ मध्ये घालून दिली.

नोंदी रोज ठेवाव्यात, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या उपकरणावर. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. ‘त्याने अपमान केला’ या नोंदीला किंमत कमी, त्याने उच्चारलेल्या वाक्याला जास्त. कंपनीच्या लॅपटॉपवर नोंदी ठेवल्या तर काढल्याच्या दिवशी लॅपटॉपबरोबर त्याही जातात. पण कंपनीचे गोपनीय कागद, ग्राहकांची माहिती किंवा कोड स्वतःच्या ईमेलवर पाठवू नये. ते उघड झाले तर काढायला स्वतंत्र कारण मिळते आणि दावा जिंकूनही भरपाई घटते. आपले नेमणूकपत्र, वार्षिक अहवाल, पगाराच्या पावत्या, आपण केलेली तक्रार यांच्या प्रती ठेवाव्यात. गुपचूप ध्वनिमुद्रणाबाबत राज्याचा कायदा आधी पाहावा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टेक्सास, जॉर्जिया येथे संभाषणातील एकाची, म्हणजे स्वतःचीच, संमती पुरते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स येथे खासगी संभाषणासाठी सर्वांची लागते, आणि मोडल्यास तक्रारदारच गुन्हेगार ठरतो.

एच-१बीवर असलेल्यांची भीती वेगळी असते आणि ती खरी असते. टायटल सेव्हनचे संरक्षण व्हिसा पाहून दिले जात नाही, ते त्यांनाही आहे. पण आयोगाकडे तक्रार केल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. नोकरी गेल्यावरची ६० दिवसांची सवलत तेवढीच राहते, तेव्हा नवा मालक शोधणे आणि तक्रार करणे ही दोन कामे एकाच वेळी चालवावी लागतात. क्लायंटच्या ऑफिसात बसणारे कंत्राटी कर्मचारी ‘क्लायंट आमचा मालक नाही’ म्हणून गप्प बसतात. कामावर दोघांचेही नियंत्रण असेल तर व्हेंडर, म्हणजे पगार देणारी कंपनी, आणि क्लायंट दोघांवरही जबाबदारी येऊ शकते, म्हणून तक्रारीत दोघांची नावे द्यावीत.

याच संदर्भात आपल्या समाजातील छोट्या कन्सल्टन्सी चालवणाऱ्यांना एक इशारा. ‘फक्त एच-१बी किंवा ओपीटी’ (म्हणजे विद्यार्थी-व्हिसावरची कामाची परवानगी असलेले) अशी जाहिरात देणे हा अमेरिकी नागरिकांविरुद्ध नागरिकत्वावरून केलेला भेदभाव ठरतो. १९८६ च्या इमिग्रेशन कायद्यातील हे कलम चार कर्मचाऱ्यांपासून पुढे लागू होते, न्याय खात्याचा स्वतंत्र विभाग ते राबवतो, आणि अशा जाहिरातींसाठी त्याने कंपन्यांकडून दंड वसूल केलेले आहेत. याच कायद्याने आय-९ हा काम करण्याचा हक्क तपासण्याचा फॉर्म भरताना ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असा हट्ट धरण्यालाही बंदी आहे. यादीतले कोणते वैध कागद दाखवायचे ते कर्मचारी ठरवतो. तक्रारीची मुदत १८० दिवस. चार ते चौदा कर्मचाऱ्यांच्या कंपनीत मूळ देशावरून भेदभाव झाला तर तीही तक्रार इथेच जाते, म्हणजे वर सांगितलेल्या नऊ जणांच्या कंपनीतल्या अटलांटावाल्याला हे दार उघडे आहे.

नोकरकपातीत हातात येणारा सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना देऊ केलेल्या पैशांचा, करार वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात बहुतेक वेळा सर्व दावे सोडून दिल्याचे कलम असते, आणि सही केली की दाव्यातून भरपाई मिळवण्याचा हक्क जातो, जरी आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क करारानेही काढून घेता येत नसला तरी. वय ४० किंवा अधिक असेल तर १९९० च्या कायद्याने विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, एकाच वेळी अनेकांना काढले असेल तर ४५, आणि सही केल्यावरही मागे फिरायला ७ दिवस. सामूहिक कपातीत कुणाला निवडले आणि कुणाला ठेवले त्यांच्या पदांची आणि वयांची यादीही द्यावी लागते. ती यादी शांतपणे वाचावी. वयाचा भेदभाव झाला असेल तर तो बहुधा तिथेच दिसतो.

भरपाईच्या मोठ्या आकड्यांनी कुणी हुरळू नये. मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून टायटल सेव्हनखाली १५ ते १०० कर्मचाऱ्यांच्या कंपनीकडून जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळतात, २०० पर्यंत १,००,०००, ५०० पर्यंत २,००,००० आणि त्यापुढे ३,००,०००. बुडालेला पगार यात धरत नाहीत. हे आकडे १९९१ पासून बदललेले नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीच्या राज्य कायद्यांत अशी मर्यादा नाही. राज्याचा दावा जिवंत ठेवा असे आम्ही म्हणतो त्याचे हे एक कारण. दुसरे कारण, केंद्राची धोरणे सरकार बदलले की बदलतात. वरवर सर्वांना सारखा पण परिणामाने एका गटाला मारक असा नियम १९७१ पासून बेकायदा धरला जातो. एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने केंद्रीय यंत्रणांना अशा प्रकरणांचा पाठपुरावा कमी करायला सांगितले. कायद्यातले कलम जागेवर आहे, व्यक्तीला स्वतः कोर्टात जाता येते, पण आयोग पाठीशी उभा राहील हा भरवसा उरला नाही.

जातीबद्दल मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याने सांगावेसे वाटते. केंद्रीय कायद्यात ‘जात’ हा शब्द नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या नगर परिषदेने जातिभेदावर बंदी घातली. अमेरिकेतील ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने तोच मार्ग धरला, पण राज्यभरासाठीचे विधेयक विधिमंडळात संमत होऊनही राज्यपाल न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकाराधिकार वापरून परत पाठवले. ‘जातीला अमेरिकेत संरक्षण नाकारले’ असा त्या बातमीचा अर्थ अनेकांनी काढला. नकाराचे लेखी कारण मात्र असे होते की जातिभेद आजच्या कायद्यांनीच निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘कुळपरंपरा’ हा शब्द आधीपासून आहे, आणि जात जन्माने आणि कुळानेच येते. तेव्हा सहकाऱ्याने आडनावावरून, गावावरून, जेवणावरून चाचपून जात काढली आणि मग कामे किंवा बढती नाकारली, तर तक्रारीत ‘जात’ एवढेच लिहून थांबू नये. कुळपरंपरा, वंश, धर्म, मूळ देश यांपैकी जे लागू असेल ते सर्व लिहावे. आयोगाच्या अधिकाऱ्याला आडनावाचा अर्थ कळत नाही. तो प्रश्न कसा विचारला गेला आणि उत्तरानंतर काय बदलले, हे तारखांसह समजावून द्यावे लागते.

शेवटी घरभाडे, कारण इथे आपली माणसे तक्रारदार कमी आणि दोषी जास्त ठरण्याचा धोका आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांबाबतचा कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, आणि १९८८ पासून अपंगत्व व लहान मुले असलेले कुटुंब, ही सात कारणे त्यात आहेत. मालक स्वतः राहतो अशा, जास्तीत जास्त चार कुटुंबांच्या इमारतीला भाडेकरू निवडण्यात सूट आहे. पण जाहिरातीला सूट नाही, आणि वंशाच्या बाबतीत १८६६ चाच कायदा आडवा येतो, त्याला अपवाद नाहीत. मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘फक्त भारतीय’, ‘फक्त हिंदू शाकाहारी कुटुंब’ असे रोज लिहिले जाते. गट खासगी आहे म्हणून ती जाहिरात नव्हे, असे धरून चालू नये. ‘लहान मुले नकोत’ हे केंद्राच्या कायद्यात बसत नाही, ‘फक्त विवाहित’ हे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या कायद्यांत बसत नाही. आहार हा केंद्रीय कायद्यातील संरक्षित गट नाही, त्यामुळे ‘घरात मांसाहार शिजवू नये’ ही सर्वांना सारखी लावलेली अट वेगळी. पण ती सांगून मुसलमान किंवा काळ्या कुटुंबाला परत पाठवले आणि पुढच्या आठवड्यात अंडी-मासे खाणाऱ्या आपल्या ओळखीच्याला घर दिले, तर ती अट बनावट ठरते. स्वतःच्या राहत्या घरातली खोली देताना ‘स्त्री रूममेट हवी’ असे लिहायला केंद्राची हरकत नसते.

जाहिरातीत घराविषयी लिहावे: खोल्या, भाडे, अनामत, कराराचे महिने, स्वयंपाकघर स्वतंत्र की सामायिक. ‘पाळीव प्राणी नकोत’ असे लिहिले तरी अपंग भाडेकरूचा मदतनीस कुत्रा त्यात मोडत नाही. ज्याला घर नाकारले त्याला केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एक वर्षात तक्रार करता येते आणि कोर्टात दोन वर्षांत. गटावरच्या त्या संदेशाचा स्क्रीनशॉट तोवर कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतोच.

कळावे,
आपले नम्र,
अमेरिकेतील काही मराठी वाचक